काटाच नसेल तर सॉफ्टवेअर काय मोजणार? रेफ्रिजरंटच्या नोंदींची सॉफ्टवेअरं गोव्याच्या कसोटीवर

गोव्यातला एसी मेकॅनिक काम उरकल्यावर जॉब कार्डावर बहुतेक वेळा तीनच शब्द लिहितो: ‘गॅस भरला, ओके’. किती भरला, कुठल्या सिलिंडरमधून, गळती कुठे होती, सापडली की नाही, यातलं काहीच कार्डावर नसतं. वर्षभराची अशी कार्डं फाइलला लावली की ‘रेकॉर्ड आहे’ असं म्हणता येतं, पण त्यातून एका किलोचाही हिशेब निघत नाही. रेफ्रिजरंटची, म्हणजे एसी-फ्रीजमध्ये थंडावा करणाऱ्या या गॅसची, नोंद ठेवणारी सॉफ्टवेअरं नेमकं हेच दुखणं दूर करण्याचा दावा करतात. कळंगुट-कांदोळीच्या पट्ट्यातली हॉटेलं, वेर्ण्याचे औषध कारखाने, कुंकळ्ळीचे मासळी कारखाने या तिघांची गरज मात्र एक नाही.

सध्या तीन प्रकार दिसतात. पहिला, अमेरिका किंवा युरोपच्या कायद्यासाठीच घडवलेली क्लाउडवरची खास सॉफ्टवेअरं. यंत्रांची यादी, सिलिंडरचा साठा, गळतीची टक्केवारी, दुरुस्तीच्या मुदती, सगळं त्यांत असतं. दुसरा, हॉटेलची किंवा कारखान्याची एकूण देखभाल सांभाळणारं सॉफ्टवेअर, ज्यात रेफ्रिजरंटचं पान मागाहून चिकटवलेलं असतं. तिसरा, घरचीच एक्सेल शीट. कंपन्यांची नावं इथे घेतलेली नाहीत, कारण दोष बहुतेक त्या त्या प्रकाराचे आहेत. नव्या आवृत्तीत बटणांची जागा बदलते, मूळ गणित तेच राहतं.

निकाल आधीच सांगून टाकू. चिलर (पाणी थंड करून इमारतभर फिरवणारं यंत्र), व्हीआरएफ (एका आऊटडोअरवर अनेक खोल्या चालवणारा एसी) किंवा मोठ्या कोल्ड रूम असतील आणि एकूण चार्ज, म्हणजे यंत्रांत भरलेला गॅस, काहीशे किलोंच्या घरात असेल, तर पहिल्या प्रकाराला पैसे मोजण्यात अर्थ आहे. नुसते स्प्लिट एसी असलेल्या चाळीस खोल्यांच्या हॉटेलाने त्याच्या वाटेला जाऊ नये. दुसऱ्या प्रकाराबद्दल आमचं मत फारसं चांगलं नाही. त्यात ‘साहित्य वापरलं: गॅस, १ नग’ अशी नोंद करता येते, आणि जिथे अशी नोंद करता येते तिथे तशीच केली जाते.

लाल दिवा कोणाच्या कायद्याचा?

खास सॉफ्टवेअर उघडलं की पहिल्याच पानावर काही यंत्रं हिरवी, काही लाल दिसतात. लाल म्हणजे नियमभंग. पण कोणत्या नियमाचा? अमेरिकेत स्वच्छ हवा कायद्याच्या कलम ६०८ खाली ५० पौंड, म्हणजे २२.७ किलो किंवा जास्त चार्ज असलेल्या यंत्रांना गळतीची मर्यादा आहे: आरामासाठीच्या वातानुकूलनाला वर्षाला १०%, व्यावसायिक शीतकरणाला २०%, औद्योगिक प्रक्रियेच्या शीतकरणाला ३०%. एचएफसी, म्हणजे ओझोनला न मारणाऱ्या पण तापमान वाढवणाऱ्या आर-३२, आर-४१०ए सारख्या वायूंसाठी तिथे १ जानेवारी २०२६ पासून उंबरठा १५ पौंडांवर, म्हणजे ६.८ किलोंवर आला. युरोपात एचएफसींचा हिशेब किलोंचा नाही, कार्बन डायऑक्साइडच्या तुल्यभाराचा आहे, म्हणजे तो वायू किती टन कार्बन डायऑक्साइडएवढं तापमान वाढवेल त्याचा: ५ टनांपासून वर्षातून एकदा गळतीतपासणी, ५० टनांपासून सहा महिन्यांनी, ५०० टनांपासून तीन महिन्यांनी, आणि गळतीशोधक यंत्रणा बसवलेली असेल तर त्याच्या दुप्पट अंतराने.

आपल्याकडे यंत्राच्या मालकाला अशी टक्केवारीची मर्यादा घातलेली नाही. त्यामुळे पणजीतल्या हॉटेलचा चिलर १२% वर लाल झाला, तर तो अमेरिकेच्या कायद्याने लाल झालेला असतो. विक्री प्रतिनिधी हे आपणहून सांगत नाही. ती मर्यादा घरचा नियम म्हणून ठेवायला हरकत नाही, उलट ठेवावीच, पण पडद्यावर ‘नियमभंग’ ऐवजी ‘अंतर्गत मर्यादा ओलांडली’ असं लिहिता आलं पाहिजे. ज्यात हे शब्द बदलता येत नाहीत ते सॉफ्टवेअर घेऊ नये. उद्या तोच अहवाल ऑडिटरच्या हातात जातो आणि न केलेल्या गुन्ह्याचा खुलासा करत बसावं लागतं.

मग इथे लागू काय आहे? ओझोन थराला मारक पदार्थांचे २००० सालचे नियम आहेत, आणि आर-२२ त्यांच्या कक्षेत येतो. १ जानेवारी २०२५ पासून एचसीएफसी, म्हणजे आर-२२ ज्या गटात मोडतो ते वायू, वापरून नवी यंत्रं बनवणं बंद झालं आहे. २०३० नंतर जुन्या यंत्रांच्या देखभालीपुरता, मूळ पातळीच्या सरासरी २.५% एवढाच वाटा २०४० पर्यंत उरणार आहे. एचएफसीसाठी माँट्रियल या आंतरराष्ट्रीय ओझोन कराराची किगाली दुरुस्ती आहे. भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली, २०२४ ते २०२६ हा पायाभूत काळ, २०२८ ला गोठवणूक, २०३२ ला १०% कपात आणि टप्प्याटप्प्याने २०४७ पर्यंत ८५%. ही बंधनं देशाच्या उत्पादनावर आणि वापरावर आहेत, तुमच्या गच्चीवरच्या यंत्रावर नाहीत. पण गॅसची किंमत आणि उपलब्धता त्यांनीच ठरणार, म्हणून किती किलो अडकलेले आहेत हे माहीत हवं. शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीचा शाश्वतता अहवाल सक्तीचा आहे. मोठ्या हॉटेल साखळ्या आणि औषध कंपन्यांच्या गोव्यातल्या शाखांकडे मुख्यालयातून ‘यंदा किती गॅस भरला’ अशी मेल येते ती त्यामुळे. आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत एसी, फ्रीज आहेतच. जुलै २०२३ च्या दुरुस्तीने यंत्र मोडीत काढताना आतल्या रेफ्रिजरंटची सुरक्षित व्यवस्था हा विषयही त्यात आला.

या शेवटच्या मुद्द्यावर बरीच सॉफ्टवेअरं ढिली आहेत. यंत्र ‘निवृत्त’ करताना आत किती गॅस होता, रिकव्हरी मशीनने किती काढला, कुठल्या सिलिंडरमध्ये गेला आणि यंत्र कुठल्या नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याला दिलं, हे चार रकाने भरल्याशिवाय बटण दाबलं जाता कामा नये. काहींत यंत्र सरळ ‘डिलीट’ करता येतं. नोंदवहीतून १८ किलो आर-२२ हवेत विरतो, तोही अक्षरशः.

पूर्ण चार्ज: सगळ्या चुकांचं मूळ

गळतीची टक्केवारी म्हणजे भरलेला गॅस भागिले पूर्ण चार्ज. वरचा आकडा कोणीतरी मोजतो. खालचा आकडा पहिल्या दिवशी एकदाच भरला जातो, आणि घाईत भरला जातो.

स्प्लिट एसीत अडचण कमी, नेमप्लेटवर असतो तोच आकडा. चिलरही बहुतेक कारखान्यातून भरून येतो. खरी गडबड व्हीआरएफमध्ये. आऊटडोअरच्या नेमप्लेटवर कारखान्याने भरलेला गॅस असतो. पाइपांच्या लांबीप्रमाणे साइटवर भरलेला गॅस तिथे छापलेला नसतो. उदाहरण घ्या. आऊटडोअरमध्ये ११ किलो आर-४१०ए, लिक्विड लाइन १२.७ मिमीची ६० मीटर आणि ९.५२ मिमीची ८० मीटर. पहिल्या पाइपाला मीटरमागे सुमारे १२० ग्रॅम, दुसऱ्याला सुमारे ६० ग्रॅम धरतात. नेमका आकडा त्या उत्पादकाच्या तक्त्यातूनच घ्यायचा. म्हणजे आणखी ७.२ किलो आणि सुमारे ४.८ किलो. पूर्ण चार्ज झाला २३ किलो. आता वर्षभरात ३ किलो टॉप-अप झाला तर खरी गळती १३%. सॉफ्टवेअरमध्ये नेमप्लेटचे ११ च असतील तर ते २७% दाखवणार, आणि निम्मं वर्ष नसलेल्या गळतीचा शोध चालणार.

उलटंही होतं. कंत्राटदाराला विचारलं की तो ‘पंचवीसेक किलो असेल’ असं गोल उत्तर देतो, आणि त्या गोल आकड्यात गळती लपते. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये चार्जच्या आकड्याशेजारी तो कुठून आला याचा रकाना हवा: नेमप्लेट, पाइपांच्या लांबीवरून गणित, की रिकव्हरी करून प्रत्यक्ष वजन. पहिल्या प्रकारच्या चांगल्या सॉफ्टवेअरांत हा रकाना असतो. दुसऱ्या प्रकारात आम्हाला कुठेच दिसला नाही. कमिशनिंगचा कागद, ज्यावर बसवणाऱ्याने जादा भरलेल्या गॅसचं वजन लिहिलेलं असतं, तो मिळाला तर त्याचा फोटो त्याच यंत्राच्या पानावर चढवावा. बऱ्याच हॉटेलांत हा कागद आऊटडोअरच्या पॅनेलच्या आतल्या बाजूला चिकटवलेला सापडतो. आधी तिथे बघा.

टक्केवारीच्या दोन रीती, आणि गोव्याचा हंगाम

गळतीदर काढायच्या दोन रीती प्रचलित आहेत. एकीत मागच्या ३६५ दिवसांत भरलेला सगळा गॅस पूर्ण चार्जने भागायचा. दुसरीत आता भरलेला गॅस चार्जने भागायचा आणि मागच्या वेळी भरल्याला किती दिवस झाले त्यावरून वर्षाला गुणायचं. बहुतेक अमेरिकन सॉफ्टवेअर दुसरी रीत आपोआप लावतं.

६० किलो आर-१३४ए असलेला चिलर धरा. १० ऑगस्टला ३ किलो भरला, १० ऑक्टोबरला पुन्हा ३ किलो. मधले दिवस ६१. दुसऱ्या रीतीने ३ भागिले ६०, गुणिले ३६५ भागिले ६१, म्हणजे ३०% च्या जवळ. पहिल्या रीतीने, वर्षात आणखी काही भरलं नसेल तर, १०%. दोन्ही आकडे बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. दुसरी रीत विचारते, ‘गळती याच वेगाने चालू राहिली तर?’ धोक्याची घंटा म्हणून ती उत्तम. वार्षिक अहवालात ती वापरणं चूक.

गोव्यात या फरकाला जास्त महत्त्व आहे, कारण इथलं टॉप-अपचं काम वर्षभर सारखं पसरलेलं नसतं. पावसाळ्यात हॉटेलांचे मजलेच्या मजले बंद असतात. चतुर्थी आटोपली की मेकॅनिक परततात आणि ऑक्टोबरच्या हंगामाआधी एका दमात सगळी यंत्रं तपासली जातात. सगळी भर त्या तीन-चार आठवड्यांत. सॉफ्टवेअरला यातलं काही ठाऊक नसतं. सप्टेंबरच्या पाहणीत थोडा आणि आठवड्याने उरलेला असे दोन हप्त्यांत गॅस भरला, तर दुसऱ्या रीतीत सात दिवसांचं अंतर धरून टक्केवारी आकाशाला भिडते. उपाय साधा आहे: एकाच दुरुस्तीतले हप्ते एका जॉब नंबरखाली बांधायचे. हे करता येतं की नाही हे ट्रायलमध्येच तपासावं. मासळी कारखान्यांत याच्या उलट. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, प्लांट थंड. एप्रिलनंतर थेट ऑगस्टमध्ये गॅस भरला की मधले चार महिने भाजकात येतात आणि गळती सौम्य दिसते. यंत्र बंद असलं तरी आतला दाब बंद नसतो, गॅस जातच असतो.

भरण्याचं कारणही सक्तीने विचारलं पाहिजे. कॉम्प्रेसर बदलताना ८ किलो काढला आणि ८ किलो परत भरला, तर गळती शून्य. काढलेल्याची नोंद राहून गेली तर तोच प्रकार ८ किलोंची गळती म्हणून छापला जातो. नवी जोडणी, दुरुस्तीनंतरचा पूर्ण चार्ज, टॉप-अप, चाचणी, एवढे पर्याय पुरतात. वीस पर्याय दिले की सगळे पहिलाच निवडतात.

आर-४०७सी सारख्या मिश्रणांबाबत एक बारीक गोष्ट. त्यातले घटक सारख्या प्रमाणात गळत नाहीत. मोठी गळती झालेल्या यंत्रात नुसता टॉप-अप केला की मिश्रण बिघडतं. सगळा काढून नव्याने भरावा लागतो. असा टॉप-अप नोंदवताना इशारा देणारं एखादंच सॉफ्टवेअर भेटतं, पण जे देतं त्याच्या मागे या धंद्यातला माणूस बसलेला आहे असं समजावं.

सिलिंडरची वही

आमच्या मते सॉफ्टवेअरची खरी परीक्षा इथेच. प्रत्येक सिलिंडरला नंबर, रिकाम्याचं वजन, आलेल्या दिवशीचं वजन. प्रत्येक कामाआधीचं आणि नंतरचं वजन. दोन वजनांतला फरक म्हणजे यंत्रात गेलेला गॅस. सॉफ्टवेअरने फरक स्वतः काढावा, मेकॅनिकला ‘किती भरला’ असं विचारूच नये. विचारलं की तो अंदाजाने लिहितो. आणि अंदाज बहुतेक वेळा गेजवरून असतो, म्हणजे दाबावरून. दाबावरून किलो कळत नाहीत.

काटा १०० किलो क्षमतेचा आणि ५ किंवा १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. किलोच्या आतबाहेरचा चार्ज असलेल्या आर-३२ च्या स्प्लिटला भंगारवाल्याचा काटा चालत नाही. पाव इंची, दीड मीटरच्या एका होजमध्येच (गॅस भरायच्या नळीत) साधारण २५-३० ग्रॅम द्रव राहतो. छोट्या यंत्राच्या चार्जचे ते तीन टक्के झाले. ही घट लिहायला सॉफ्टवेअरमध्ये वेगळा रकाना असेल तर उत्तम, नसेल तर महिनाअखेरी साठ्याच्या तफावतीत ती दिसते आणि चोरीचा संशय उगाच स्टोअरकीपरवर जातो.

सगळ्यांत मोठी पंचाईत कंत्राटदाराच्या सिलिंडरची. इथे बहुतेक हॉटेलांचा स्वतःचा साठा नसतो. मेकॅनिक स्कूटरच्या पुढ्यात ११.३ किलोंचा डबा ठेवून येतो, सकाळी बागा किनाऱ्याला, दुपारी हणजुणेत, संध्याकाळी म्हापशात. एकच डबा तीन ठिकाणी. परदेशी सॉफ्टवेअरांची कल्पना अशी की सिलिंडर एका साइटच्या स्टोअरमध्ये राहतो. ‘फिरतं ठिकाण’ किंवा ‘गाडी’ असा प्रकार त्यात असेल तर कंत्राटदाराला तो द्यायचा, म्हणजे बागाचं शेवटचं वजन हेच हणजुण्याचं पहिलं वजन ठरतं आणि मधे काही गळलं तर उघडं पडतं. नसेल तर दर भेटीला डबा ‘आवक’ करून ‘जावक’ करावा लागतो. पंधरा दिवसांत कंटाळा येतो आणि नोंद बंद पडते.

सिलिंडरच्या पानावर आणखी तीन गोष्टी हव्यात. बॅच नंबर, कारण बाजारात भेसळीचा गॅस फिरतो. आर-२२ किंवा आर-१३४ए म्हणून विकलेल्या डब्यात मिथाइल क्लोराइड निघाल्याचे प्रकार जगभर घडले आहेत, आणि तो अॅल्युमिनियमशी मिळून स्फोटक संयुगं बनवतो. दुसरं, पुन्हा भरायच्या सिलिंडरच्या हायड्रो-टेस्टची (पाण्याच्या दाबाने केलेल्या मजबुतीच्या तपासणीची) तारीख. तिसरं, रिकव्हरी सिलिंडरला ८०% ची भरणमर्यादा; वजन त्यापुढे गेलं तर नोंद अडली पाहिजे, नुसती पिवळी पट्टी पुरत नाही. दुपारच्या उन्हात गच्चीवर काठोकाठ भरलेला सिलिंडर म्हणजे काय, हे मेकॅनिकला सांगायला नको, पण घाईत तोच विसरतो.

महिन्याला एकदा ताळा घ्यावा: सुरुवातीचा साठा, अधिक खरेदी, वजा शेवटचा साठा, वजा बाहेर पाठवलेला. उरेल तो वापर. यंत्रांवर नोंदलेल्या भरीची बेरीज याच्याशी जुळली नाही तर कुठेतरी नोंद राहून गेली आहे. खरेदीची बिलं टाकून हा ताळा आपोआप करणारं सॉफ्टवेअर असेल तर बाकीच्या बऱ्याच उणिवा माफ कराव्यात.

हातात धरल्यावर

मोबाइल ॲपची गंमत प्लांट रूममध्ये कळते. तळघरात नेटवर्क नाही. ऑफलाइन नोंद होते असं सगळेच सांगतात. नेटवर्क आल्यावर तीच नोंद दोनदा चढते का, हे बघा. फोन विमान मोडवर टाकून दोन नोंदी करा, ॲप बंद करून उघडा, मग नेट सुरू करा. पाच मिनिटांची परीक्षा आहे, आणि त्यात बरेच नापास होतात.

तारखा हा वेगळाच ताप. अमेरिकन मांडणीत महिना आधी, त्यामुळे ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे हा वाद वर्षअखेरीस निघतो. वेळ ग्रिनिचची असेल तर रात्रपाळीत पहाटे साडेपाचच्या आधी केलेली नोंद आदल्या दिवशी पडते. ३१ मार्चच्या रात्री तर आर्थिक वर्षच बदलतं. सेटिंगमध्ये किलो, दिवस-महिना-वर्ष, भारतीय वेळ आणि एप्रिल ते मार्च हे चारही पहिल्या दिवशी लावून घ्यावं. पौंड आणि औंस राहून गेले तर ‘२’ हा आकडा दोन किलो म्हणून कोणीतरी भरणारच.

यंत्रावरचा क्यूआर स्टिकर समुद्राकाठच्या गच्चीवर फार टिकत नाही. ऊन शाई खातं, खारं वारं कडा उचलतं. अॅनोडाइज्ड पट्टीवर कोरलेला किंवा इलेक्ट्रिकल पॅनेलच्या दाराच्या आत लावलेला कोड घ्यावा, आणि शेजारी साध्या रंगाने यंत्राचा नंबर लिहावा. पावसात कॅमेऱ्याला कोड दिसत नाही, माणसाला नंबर दिसतो.

भाषेचा प्रश्न विक्री प्रतिनिधी हसण्यावारी नेतात, पण इथल्या टीममध्ये कोंकणी, मराठी, हिंदी, कन्नड बोलणारे एकत्र असतात. पडद्यावर चित्रं आणि आकडे जास्त, वाक्यं कमी असतील तर काम चालतं. शेरा मराठीत लिहिता येतो बहुतेक ठिकाणी. पीडीएफ काढली की मात्र जोडाक्षरं फुटतात, ‘कंडेन्सर’चा न आणि स वेगळे पडतात. अहवाल छापून देणार असाल तर एक मराठी शेरा टाकून पीडीएफ बघाच.

गळतीच्या जागांची यादी बदलता आली पाहिजे. तयार यादीत सुपरमार्केटच्या रॅकचे भाग भरलेले असतात. इथे लागतात ते कंडेन्सर कॉइल, यू-बेंड, फ्लेअर नट, सर्व्हिस व्हॉल्व्ह, इव्हॅपोरेटर, ब्रेझिंगचा जोड. ही यादी नीट असली की वर्षाअखेरीस सॉफ्टवेअर पैसे वसूल करून देतं: समुद्राकडच्या बाजूचे आऊटडोअर यू-बेंडला गळतात, आतले कॉइल बारीक भोकांनी गळतात, की सगळा दोष ढिल्या फ्लेअरचा आहे, हे एका तक्त्यात दिसतं. कोटिंगचे कॉइल घ्यायचे की मेकॅनिकला टॉर्क रेंच (नट मोजून आवळायचा पाना) द्यायचा, हा निर्णय त्यावर करता येतो. खर्चातला फरक सांगायला नको.

अमेरिकन नियमातली एक सवय मात्र जशीच्या तशी उचलावी. दुरुस्तीनंतर दोन तपासण्या: एक गॅस भरण्याआधी नायट्रोजनच्या दाबाने आणि व्हॅक्यूम धरून, दुसरी यंत्र नेहमीच्या दाबावर चालू लागल्यानंतर १० दिवसांत. सॉफ्टवेअर दुसऱ्या तपासणीची आठवण देतं, आणि इथे नेमकी हीच तपासणी कोणी करत नाही.

अहवालातले आकडे

तुल्यभार काढायला गुणकांचा कुठला संच वापरला (गुणक म्हणजे एक किलो गॅस किती किलो कार्बन डायऑक्साइडएवढं तापमान वाढवतो तो आकडा) ते अहवालावर छापलेलं असावं. किगालीसाठी वापरायच्या संचात आर-३२ ला ६७५, आर-१३४ए ला १४३०, आर-४१०ए ला २०८८, आर-४०४ए ला ३९२२. नंतरच्या संचात आर-१३४ए १३०० होतो. मध्येच संच बदलला तर गळती न कमी होता आलेख खाली येतो, आणि कोणीतरी त्याचं कौतुकही करतं. आर-४०४ए वरच्या कोल्ड रूममध्ये ५ किलो गेला की १९.६ टन, तेवढाच आर-३२ गेला तर ३.४ टन. आर-२२ चा आकडा हरितगृह वायूंच्या प्रचलित हिशेबात थेट उत्सर्जनात मिळवत नाहीत, वेगळा दाखवतात. काही सॉफ्टवेअर तो मिळवतात, काही शून्य धरतात, दोन्ही चूक.

अमोनियावर चालणाऱ्या बर्फाच्या कारखान्यांत आणि फ्रीझिंग प्लांटमध्ये हे सगळं पान शून्य दाखवतं, कारण अमोनियाचा तापमानवाढीतला वाटा शून्य. धोका शून्य नाही. हवेत ३०० पीपीएम (दहा लाखांत ३०० भाग) ही जिवाला तात्काळ धोक्याची पातळी मानतात. तिथे सेन्सरची कॅलिब्रेशन तारीख, सेफ्टी व्हॉल्व्ह, श्वसनसंच यांची नोंद लागते. रेफ्रिजरंटचं सॉफ्टवेअर त्यासाठी घेऊ नये.

पैसे, आणि बाहेर पडायचं दार

दर यंत्रामागे आकारणी असेल तर स्प्लिट एसीवाल्या हॉटेलाचं दिवाळं निघतं: ऐंशी खोल्या, ऐंशी यंत्रांचे पैसे, पण एकूण गॅस तीन-चार मध्यम व्हीआरएफएवढाच. शिवाय परदेशी उंबरठ्याखालची छोटी यंत्रं सॉफ्टवेअर पहिल्या पानावर दाखवतच नाही, ती गाळणी बंद करावी लागते. डॉलरमधल्या वर्गणीवर १८% जीएसटी रिव्हर्स चार्जने भरावा लागतो, तो कोटेशनमध्ये नसतो.

छोट्यांनी एक्सेलच ठेवावी. तारीख, यंत्र नंबर, गॅस, पूर्ण चार्ज, सिलिंडर नंबर, आधीचं वजन, नंतरचं वजन, काढलेला गॅस, कारण, गळतीची जागा, दुसऱ्या तपासणीची तारीख. अकरा रकाने. वजनांचे रकाने रिकामे असतील तर कंत्राटदाराचं बिल पास करायचं नाही, एवढा एक नियम सॉफ्टवेअरपेक्षा जास्त काम करतो.

मोठ्यांनी करार करताना खातं कोणाच्या नावावर ते पाहावं. एएमसीवाल्याच्या (वार्षिक देखभालीच्या कंत्राटदाराच्या) लॉगिनवर यंत्रं चढवली की कंत्राट बदलताना इतिहास त्याच्याबरोबर जातो. खातं मालकाचं, कंत्राटदाराला फक्त नोंद करायची मुभा. आणि ट्रायल संपण्याआधी सगळा डेटा सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलीत) काढून बघा: सिलिंडरची वजनं आणि फोटोंचे दुवे त्यात आले तर पुढे बोला. नुसती यंत्रांची यादी आली, तर तीन वर्षांनी हातात तेवढीच यादी उरेल.